बनी तो बनी, नाही तो कोरिया

उन्हाळ्याच्या सुट्टीत मुलांना कुठं पाठवावं, हा प्रश्न आमच्या परभणीत पूर्वी कुणाला पडत नसे. मामाच्या गावाला पाठवावं, हे उत्तर प्रश्नाच्या आधीच तयार असे. मामा जिंतूरचा असो, पाथरीचा असो की गंगाखेडचा. तो बिचारा पाच-पाच भाचरं महिनाभर सांभाळीत असे आणि त्याबद्दल फी घेत नसे. उलट परत पाठवताना नवे कपडे शिवून देत असे. एवढ्या अव्यवहारी माणसाचा धंदा फार दिवस चालणं शक्यच नव्हतं. मामाच्या जागी आधी छंदवर्ग आले, मग संस्कार शिबिरं आली, त्यामागून अबॅकस, वैदिक गणित आणि व्यक्तिमत्त्व विकास आला. मी स्वतः मामा असल्यामुळे हा सगळा ऱ्हास मला जवळून पाहता आला.

आता त्याच्याही पुढची पायरी आली आहे. आमच्या दाजींनी परवा एक गुळगुळीत कागदाची पुस्तिका माझ्यापुढं टाकली. परदेशातलं उन्हाळी शिबिर, वय आठ ते अठरा, मुदत दोन आठवडे, आणि शिकायचं काय, तर कोरियन भाषा! विमानाचं भाडं धरून खर्च चार लाखांच्या आसपास. भाची तेरा वर्षांची आहे. तिच्या खोलीत भिंतीवर सात कोरियन मुलं एका रांगेत उभी आहेत. मला त्यातला एकही दुसऱ्यापासून वेगळा ओळखता येत नाही आणि तिला आमच्या सात चुलत भावांपैकी एकही ओळखता येत नाही, तेव्हा आमची फिट्टंफाट आहे.

"बँकवाले, परकीय चलनाचं तेवढं तुम्ही बघा," दाजी म्हणाले. दाजींचं खत-बियाण्यांचं दुकान आहे. शेतकऱ्याने बियाण्याच्या पिशवीला चार रुपये कमी करायला सांगितले तर ते त्याला उगवणशक्तीवर व्याख्यान देतात. त्याच माणसाने चार लाखांच्या शिबिरात काय उगवणार हे विचारू नये, याचं मला नवल वाटलं.

आधीच सांगून टाकतो, माझं कोरियन भाषेशी वैर नाही. शिकावी, जरूर शिकावी. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणातसुद्धा माध्यमिक शाळेत शिकवण्याजोग्या परकी भाषांमध्ये कोरियनचं नाव घेतलेलं आहे. पुण्याजवळ रांजणगावला कोरियन कंपनीचा कारखाना आहे. तळेगावचा मोटारींचा कारखाना घेण्याचा करार ह्युंदाईने २०२३ साली केला. तेव्हा उद्या भाचीला कोरियन येत असेल तर तिचं कल्याणच आहे. माझं भांडण आहे ते शिबिराशी. चार लाख भरले की भाषा डब्यात भरून मिळते, या समजुतीशी.

मी वाणिज्य शाखेचा पदवीधर आहे. त्यामुळे माझं काव्य आकड्यांतच चालतं. अमेरिकन परराष्ट्र खात्याची आपल्या अधिकाऱ्यांना भाषा शिकवणारी एक संस्था आहे. तिने जगातल्या भाषांची अवघडपणाप्रमाणे प्रतवारी केली आहे, आपल्याकडे कापसाची करतात तशी. फ्रेंच, स्पॅनिश वगैरे मंडळी सोप्या गटात. कोरियन ही चिनी, जपानी आणि अरबी यांच्याबरोबर सगळ्यांत अवघड गटात. इंग्रजी बोलणाऱ्या शिकल्यासवरल्या माणसाला ती कामापुरती यायला साधारण ८८ आठवडे, म्हणजे वर्गातले २२०० तास लागतात, असा त्यांचा अनुभव. आता शिबिराचे दिवस चौदा. पोहणं, नाचणं, शेकोटी आणि दप्तर हरवणं वजा जाता रोजचे सहा तास भाषेचे धरू. मी उदार माणूस आहे. झाले ८४ तास. २२०० भागिले ८४. सव्वीस उन्हाळे आणि वर सोळा तास! भाची आज तेरा वर्षांची, म्हणजे एकोणचाळिसाव्या वर्षी तिला कोरियन येईल. खर्च आजच्या भावाने एक कोटी चार लाख. एवढ्या मुदतीची ठेव आमच्या बँकेतसुद्धा कुणी ठेवत नाही.

हे गणित मी दाजींना कागदावर करून दाखवलं. दाजींनी कागद उलटा करून त्याच्या पाठीमागं युरियाचा हिशेब लिहिला.

पण खरी गंमत त्या २२०० तासांत आहे. ते तास इंग्रजी बोलणाऱ्या माणसासाठी आहेत. इंग्रजाच्या डोक्यात वाक्य उभं राहतं ते "मी खातो भात" या क्रमाने. कोरियन माणूस "मी भात खातो" असंच म्हणतो, क्रियापद मुकाट्याने शेवटी ठेवतो, अगदी परभणीकरासारखं. इंग्रजीत शब्दाच्या आधी लागणारी लटांबरं कोरियनमध्ये आपल्या 'ला', 'त', 'हून'सारखी शब्दाच्या शेपटीला चिकटतात. इंग्रजाला 'तू' आणि 'तुम्ही' यांतला फरक समजावताना घाम फुटतो. कोरियनमध्ये समोरचा मोठा की धाकटा, यावर क्रियापदाचं शेपूट बदलतं. आजोबांच्या जेवण्याला आणि झोपण्याला शब्दच वेगळे. "जेव", "जेवा" आणि "जेवून घ्यावं" यांतला फरक ज्याला आईच्या दुधाबरोबर मिळाला, त्याला यात नवीन काय?

नात्यांचंही तेच. इंग्रजाचा एक 'अंकल' म्हणजे सरकारी धर्मशाळा. काका, मामा, मावसा, आत्याचे यजमान आणि शेजारचे गृहस्थ, सगळे तिथंच उतरतात. कोरियनमध्ये मामाला स्वतंत्र शब्द आहे. (हे कळल्यापासून त्या राष्ट्राविषयी माझा आदर दुणावला.) वडिलांच्या थोरल्या भावाला ते जो शब्द वापरतात त्याचा सरळ अर्थ 'मोठे बाबा' असा होतो. अहो, आमच्या मराठवाड्यात घरोघर मोठे बाबा आणि मोठी आई आहेत! कोरियन माणूस भेटला की "भात खाल्ला का?" असं विचारतो, आपण "झालं का जेवण?" विचारतो. दोघांनाही उत्तराची फारशी अपेक्षा नसते. आणि वर कडी म्हणजे कोरियन मूल बापाला हाक मारतं ती "आप्पा!" आमच्या वाड्यात चार आप्पा होते. त्यांपैकी एकालाही आपण कोरियन आहोत याची कल्पना नव्हती.

लिपीची म्हणाल तर सेजोंग नावाच्या राजाने ती १४४३ साली तयार करवली आणि १४४६ साली प्रजेला दिली. दरबारी मंडळी चिनी अक्षरं लिहीत, ती सामान्यांना येत नसत. म्हणून साध्या माणसाला थोडक्या दिवसांत शिकता येईल अशी सोपी अक्षरं केली. आज मूळची व्यंजनं चौदा आणि स्वर दहा. आपली बाराखडी पाठ केलेल्या पोराला आठवडाभर पुरे. आमच्या शाखेसमोर चहाची गाडी लावणाऱ्याची मुलगी जिल्हा परिषदेच्या शाळेत आठवीत आहे. बापाच्या मोबाईलवर कोरियन मालिका पाहून पाहून तिने ही अक्षरं उचलली आणि गाडीच्या फळीवर खडूने 'चहा' असं कोरियनमध्ये लिहून ठेवलं. तिचा खर्च एक खडू. तोही बहुधा शाळेतला.

म्हणजे मराठी ज्याला धड येते, त्याला कोरियनची निम्मी वाट चालून झालेली असते. पण आमची भाची इंग्रजी शाळेत जाते. तिथं मराठीत बोललं तर वर्गाबाहेर उभं करतात. त्यामुळे ती बिचारी 'मोठे बाबा' हा शब्द आधी इंग्रजीत नेणार, तिथं त्याचा 'बिग फादर' करणार, त्याला हसणार, आणि मग तो कोरियनमध्ये पाठ करणार. परभणीहून मानवतला जायला दिल्लीवरून तिकीट काढल्यासारखं आहे हे. आणि हे लांबचं तिकीट काढायला बापानेच पैसे भरले आहेत, बालवाडीपासून.

या शिबिरांची मूळ कल्पना वाईट नाही, हे मी कबूल करतो. अमेरिकेत मिनेसोटा राज्यात कॉन्कॉर्डिया नावाच्या कॉलेजने १९६१ साली अशी भाषेची खेडी सुरू केली. पहिलं खेडं जर्मन भाषेचं. (जगात जर्मनी! पुढचं परभणीकरांना सांगायला नको.) कोरियन खेडं १९९९ साली निघालं, त्याच्या कोरियन नावाचा अर्थ 'रानातलं तळं' असा आहे. मुलं तिथं उतरली की खोटे अधिकारी त्यांचे खोटे पासपोर्ट तपासतात, मुलांना त्या भाषेतलं नवं नाव मिळतं, खोट्या बँकेत पैसे बदलून मिळतात आणि दुकानात खाऊ मागायचा तो त्या भाषेत. अमेरिकेत, जिथं माणूस समुद्रापासून समुद्रापर्यंत एकाच भाषेत भाकरी मागू शकतो, तिथं असं खोटं गाव वसवावं लागतं हे मी समजू शकतो. आणि तिकडं स्थायिक झालेल्या कोरियन कुटुंबांतल्या मुलांना तर त्याची गरजच आहे. त्यांना आजीशी बोलायचं असतं. आपली मराठी माणसं तिकडं दुसरं काय करतात? बृहन्महाराष्ट्र मंडळाच्या छत्राखाली गावोगाव मराठी शाळा चालतात. आईबाप सुट्टीच्या दिवशी मैलोगणती गाडी हाकत पोराला 'ळ' म्हणायला शिकवायला नेतात. न्यू जर्सीतला बाप मुलाला मराठी यावी म्हणून रविवार घालवतो आणि परभणीतला बाप मुलाला मराठी येऊ नये म्हणून सोमवार ते शनिवार घालवतो.

पण परभणीला खोटं गाव कशाला? इथं खरं गावच शिबिर आहे, बारमाही, बिनफीचं! आमच्या शाखेचा काउंटर घ्या. सकाळी दहाला शटर वर गेलं की पहिला येतो तो पेन्शनवाला, त्याची मराठी पुस्तकी. मागून येतो खंडाळीतला मोसंबीवाला. तो "मेरेकू नक्को, उसकू दो" म्हणतो, आणि त्यातला 'नक्को' आपला आहे आणि 'वैसाइच'मधला 'च'सुद्धा आपला, दखनीने कधीच उचलून नेलेला. मागून तांड्यावरची बाई येते, ती मुलीशी गोरमाटीत बोलते आणि माझ्याशी मराठीत भांडते. मारवाडी व्यापारी फोनवर एका भाषेत भाव विचारतो आणि मला दुसऱ्या भाषेत सांगतो. आकडा दोन्हीकडे वेगळा असतो.

या काउंटरवर बिहारचा एक तरुण अधिकारी बदलून आला. आला तेव्हा त्याला 'नमस्कार' सोडून मराठीचं अक्षर येत नव्हतं. हंगाम पीककर्जाचा होता. समोर साठ माणसांची रांग, संगणक बंद, आणि रांगेतला प्रत्येक जण एकच प्रश्न वेगवेगळ्या आवाजात विचारत होता. दिवाळीपर्यंत तो गडी "काय करायलाव काका, कामून तरास करून घेताव?" असं बोलू लागला. त्याला ना कुणी बिल्ला लावला, ना शेकोटी पेटवली. समजलं नाही तर माणसं अंगावर येतात, एवढी सोय असली की पुरते. आता त्याची पुण्याला बदली झाली आहे आणि तिथले लोक त्याला "हे कुठलं मराठी?" असं विचारतात. त्याचा मला अभिमान आहे.

सातशे वर्षांपूर्वी आमच्या जुन्या परभणी जिल्ह्यातल्या नर्सीचे नामदेव (नर्सी आता हिंगोलीत गेली, १९९९ च्या वाटणीत) पंजाबात गेले, तिथल्या लोकांच्या बोलीत गायले, आणि त्यांची ६१ पदं शिखांच्या गुरुग्रंथसाहिबात जाऊन बसली. पंजाबी लोकांनी २०१५ साली त्यांच्या घुमानला अख्खं मराठी साहित्य संमेलन बोलावून घेतलं. नामदेवांना सांगण्यासारखं काही होतं, म्हणून भाषा आली. आमच्या भाचीला कोरियनमध्ये काय सांगायचं आहे, असं मी तिला विचारलं. ती म्हणाली, "मामा, तुम्ही बोअर करता." हे मात्र तिने स्वच्छ मराठीत सांगितलं.

आता भाषा शिकण्याची दुसरी एक पद्धत आहे, ती सक्तीची. तिचाही आमच्या जिल्ह्याला अनुभव आहे. माझे आजोबा निजामाच्या राज्यात शिकले. हैदराबादेत १९१८ साली निघालेलं उस्मानिया विद्यापीठ उर्दू माध्यमाचं. वरच्या वर्गांत शिकायचं तर उर्दू, कचेरीत अर्ज करायचा तर उर्दू. आजोबा बीजगणित उर्दूत करीत, ज्ञानेश्वरी मराठीत वाचीत आणि मला चिडून बोलायचे ते दोन्हीत. १७ सप्टेंबर १९४८ ला संस्थान गेलं. पण आजोबा उर्दूवर रागावले नाहीत. म्हणायचे, भाषेचा काय दोष, ती कुणाच्या हातात काठी म्हणून आहे ते बघायचं. म्हातारपणी दर्ग्याच्या उरुसात कव्वाली ऐकायला ते खुर्ची घेऊन जात.

कोरियन लोकांच्या वाट्याला तर याहून वाईट आलं. १९१० साली जपानने देश घशात घातला. १९३८ पासून शाळांतून कोरियन काढत आणली. १९४० साली माणसांना जपानी नावं घ्यायला लावली. (आता शिबिरात आपली पोरं हौसेने कोरियन नाव लावून घेतात!) १९४२ साली कोरियन शब्दकोश करणाऱ्या मंडळींना धरून तुरुंगात टाकलं, दोघं तुरुंगातच गेले. शब्दकोशाचं हस्तलिखित जप्त झालं, ते देश सुटल्यावर सप्टेंबर १९४५ मध्ये सोलच्या रेल्वे स्टेशनावरच्या वखारीत सापडलं. आज आपली मुलं ज्या भाषेतली गाणी गुणगुणतात, ती भाषा एके काळी स्टेशनच्या वखारीत पडून होती. त्या पुस्तिकेत यातलं अवाक्षर नाही. पुस्तिकेत नाच आहे, किमची आहे आणि झिप असलेला सदरा मोफत आहे.

आणि आता त्याच कोरियाचं पुढचं ऐका, कारण दाजींनी मला "कोरियन लोक किती पुढारलेले" असं ऐकवलं होतं. त्या पुढारलेल्या लोकांना इंग्रजीचं असं वेड लागलं, की त्यांनी सरकारी पैशाने 'इंग्रजी खेडी' बांधली. सोलशेजारच्या प्रांताने पाजू इथं २००६ साली त्यातलं मोठं उघडलं. दारात इमिग्रेशन, आत खोटं पोस्ट, खोटं दुकान आणि खोटी बँक! कोरियन पोरं त्या काउंटरवर इंग्रजीत खातं उघडायला शिकत. खर्च झेपेना, तोटा वाढला, आणि पुढं त्या गावाचं काम बदललं. ज्यांना तेवढ्यानेही समाधान नाही ते बाप बायकामुलांना सरळ इंग्रजी मुलखात पाठवून देतात. स्वतः मागं राहून एका खोलीत नूडल्स उकडून खातात, पगार तिकडं धाडतात आणि वर्षातून एखादी खेप उडत जाऊन पोरांचं तोंड पाहून येतात. अशा बापाला कोरियनमध्ये 'किरोगी आप्पा' म्हणतात. किरोगी म्हणजे स्थलांतर करणारा रानहंस.

म्हणजे कोरियन पोर इंग्रजी शिकायला अमेरिकेत, आपलं पोर कोरियन शिकायला विमानात, अमेरिकेतलं मराठी पोर मराठी शिकायला रविवारच्या शाळेत, आणि सगळ्यांचे आप्पा आपापल्या गावी हप्ते भरताहेत.

आपलीही वेडं काही कमी नाहीत. ३ ऑक्टोबर २०२४ ला मराठीला अभिजात दर्जा मिळाला, आपण पेढे वाटले. १६ एप्रिल २०२५ ला पहिलीपासून हिंदीचा आदेश निघाला, आपण पेटून उठलो. २९ जूनला तो मागं घेतला गेला, आपण पुन्हा पेढे वाटले. त्या आंदोलनात दाजी माझ्या पुढं घोषणा देत होते. लहान पोराच्या डोक्यावर तिसऱ्या भाषेचं ओझं नको, म्हणत होते. मी त्यांना त्याची आठवण दिली. "ते वेगळं," दाजी म्हणाले, "ते फुकट होतं."

दाजींचा शेवटचा आणि भक्कम मुद्दा असा, की शिबिराने मुलांना 'एक्स्पोजर' मिळतं. मे महिन्यात परभणीत दुपारी बारा वाजता बसस्टँडवर उभं राहिलं तर जेवढं एक्स्पोजर मिळतं तेवढं जगाच्या पाठीवर कुठं मिळत नाही, असं माझं मत आहे. पण ते सोडून देऊ. पोरगी एकटी राहायला शिकेल, चार देशांची मुलं भेटतील, हे मला मान्य आहे. मग त्याला सहल म्हणा ना! सहलीला माझी ना नाही. सहलीवर भाषेचा शिक्का मारून तिला शिक्षण म्हणून विकू नका आणि चहाच्या गाडीवरच्या पोरीला बघून "यांना कशाला हवं कोरियन?" असं म्हणू नका. कारण दाजी तसं म्हणाले, आणि त्यानंतर मी युरियाचा हिशेब असलेला कागद परत मागून घेतला.

त्या कागदावर मी दुसरं गणित केलं. पुण्यात कोरियन शिकलेली तरुण मंडळी आहेत. त्यांतल्या एखाद्या मुलीला पूर्ण उन्हाळा परभणीला बोलवायचं. रेल्वेचं भाडं, राहायला खोली, जेवायला डबा, आणि वर महिना चाळीस हजार मानधन. दोन महिन्यांचा खर्च सव्वा लाखाच्या आत बसतो, कूलर धरून. जिल्हा परिषदेच्या शाळेचा वर्ग सुट्टीत रिकामाच असतो. मुलं चाळीस, निम्मी इंग्रजी शाळेची, निम्मी मराठी शाळेची, आणि शिकवायचं मराठीतून. पहिल्या दिवशी 'मोठे बाबा', दुसऱ्या दिवशी 'झालं का जेवण'. रोज चार तास धरले तरी साठ दिवसांत २४० तास होतात, शिबिराच्या जवळजवळ तिप्पट. चाळीस पोरांत वाटले तर डोक्यामागं तीन हजार शंभरच्या आसपास, आणि ज्याला तेवढेही झेपत नाहीत त्याचे चार लाखवाल्यांनी भरायचे. कुणी पुढं आलं तर कूलरची जबाबदारी मी घेतो, तो आमच्याकडं जास्तीचा आहे.

दाजींनी कागद दोनदा वाचला. खत-बियाण्यांच्या माणसाला आकडे कळतात. बराच वेळ गप्प राहून म्हणाले, "पण तिथं पासपोर्टवर शिक्का बसतो. इथं कुठं बसणार?"

आमच्या शाखेत सहा प्रकारचे शिक्के आहेत. दहा ते चार, जेवणाची सुट्टी सोडून.